पाळणाघरात मुलं किती घ्यायची?

प्रश्न : ताई, मी वडोद्याला दांडिया बाजारात राहते, घरीच पाळणाघर चालवते, सहा मुलं आहेत, त्यात दोन तान्ही, आणि आता अजून एक सात महिन्यांचं बाळ घ्या म्हणून शेजारच्या वहिनी मागे लागल्यात, नणंद इंग्लंडला असते, ती म्हणते तिकडे असं चालतच नाही, खरंय का?

उत्तर : खरंय. तिकडे घरी मुलं सांभाळणाऱ्या एका बाईकडे आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहाच, त्यातली पाच वर्षांखालची तीन, आणि वर्षाच्या आतलं साधारण एकच, शिवाय तिची स्वतःची लहान मुलंही त्यातच मोजतात. आपल्याकडे 2017 च्या कायद्याने 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ऑफिसांना पाळणाघर सक्तीचं केलं, पण घरच्या घोडियाघराचा, म्हणजे पाळणाघराचा, आकडा आपणच ठरवायचा असतो. अहो, एकाला बाटली देताय, दुसऱ्याने लंगोट ओला केलाय आणि तेवढ्यात दोन वर्षांचं पोर ओट्यावर चढायला लागलं तर हात दोनच ना! आग लागली तर कडेवरही दोनच मावतात, रांगणारं स्वतः पळणार नाही, म्हणून तर वयाचा हिशोब आकड्याहून मोठा. तुमच्याकडे आत्ताच दोन तान्ही आहेत, तेच एकटीला खूप झालं, तेव्हा वहिनींना स्पष्ट नाही म्हणा, वाईट वाटू दे. घ्यायचंच असेल तर आधी पूर्णवेळ मदतनीस ठेवा, दुपारी तासभर येणारी नको.