धाकट्या बहिणीचे खासगी फोटो तिच्या जुन्या मित्राने टेलिग्रामवर टाकले आहेत. आम्ही काय करावं?

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि मग झोप लागली नाही. बहीण एकवीस वर्षांची. तिने नातं तोडलं म्हणून त्या मुलाने तिचे फोटो नावासकट आणि इन्स्टाग्रामच्या खात्यासकट एका चॅनलवर टाकले, आणि आता वीस हजार मागतोय. आईवडिलांना पत्ता नाही. त्याला गाठून ठोकून काढावंसं वाटतंय, असं तुम्ही लिहिलंय.

मी वकील नाही. २०२४च्या दिवाळीनंतर माझ्या मावसबहिणीवर हेच गुदरलं आणि ते सगळे महिने मी तिच्यासोबत होते. आम्हाला काय जमलं आणि आमचं काय चुकलं, दोन्ही सांगते.

त्या मुलाकडे जाऊ नका. तुम्ही दारात दिसलात की तो पहिल्यांदा फोन साफ करेल, आणि मारहाणीचा गुन्हा तुमच्यावर लागेल तो वेगळाच. पैसे तर अजिबात देऊ नका. माझ्या बहिणीने मला सांगायच्या आधीच दोनदा पाच-पाच हजार यूपीआयने पाठवले होते. तिसऱ्या वेळी मागणी पंधरावर गेली. एकदा पैसे मिळतात हे कळलं की असा माणूस थांबत नाही. तुमच्याकडून काही गेलं असेल तर बँकेचं स्टेटमेंट आजच काढून ठेवा. फोटोंची भीती घालून पैसे उकळणं ही खंडणी आहे, तो वेगळा गुन्हा आहे.

आमची सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाई. तिने घाबरून मैत्रिणींना सांगून ती पोस्ट रिपोर्ट करवली, ती गेली, आणि आम्ही सुटकेचा श्वास सोडला. मग लक्षात आलं की हातात काहीच उरलं नाही. दोन दिवसांनी त्याने दुसऱ्या खात्यावरून तेच फोटो पुन्हा टाकले. त्या रात्री मात्र आम्ही एक दोनशे पानी वही घेऊन बसलो. चार रकाने आखले: लिंक, खात्याचं नाव, तारीख आणि वेळ, कुणाकडून कळलं. तिला ते फोटो पुन्हा बघायला लागू नयेत म्हणून लॅपटॉपच्या पडद्यावर फोटोच्या जागी मी लग्नपत्रिकेचं एक पाकीट धरून ठेवलं होतं. मी लिंक वाचायची, ती लिहायची. तिचं अक्षर एरवी मोत्यासारखं, त्या पानावर ते ओळखू येत नाही. पुढे तक्रार लिहिताना तीच वही कामी आली.

स्क्रीनशॉटमध्ये पूर्ण लिंक, खात्याचं नाव, तारीख, वेळ दिसली पाहिजे. नुसता फोटो कापून ठेवला तर त्याचा उपयोग नाही. खात्याची नावं ही माणसं सारखी बदलतात, म्हणून प्रोफाइलपासून त्या पोस्टपर्यंत जाताना स्क्रीन रेकॉर्ड करा. त्याच्या धमक्यांचे चॅट उडवू नका, मेसेज आपोआप जाण्याची सोय चालू असेल तर आधी सगळं जपून घ्या, आणि बहिणीचा फोन रिसेट करू नका. फोटो ‘खात्रीसाठी’ म्हणून कुणा मित्राला पाठवू नका, स्वतःच्या वकिलालाही व्हॉट्सॲपवर नको. एक महत्त्वाचं: फोटो ती अठरा वर्षांची व्हायच्या आधीचे असतील तर ते जवळ ठेवणंसुद्धा कायद्याने अडचणीचं आहे. मग फक्त लिंक लिहून घ्या आणि बाकीचं पोलिसांवर सोडा.

एवढं झालं की मग फोटो काढायला लावा. २०२१च्या आयटी (माहिती तंत्रज्ञान) नियमांनुसार नग्न किंवा लैंगिक स्वरूपाच्या फोटोबद्दल तक्रार आली की कंपनीने चोवीस तासांच्या आत कारवाई करावी असं ठरलं होतं, २०२६मध्ये ही मुदत दोन तासांवर आणली. जोडून बनवलेले, खोटे फोटोही त्यात येतात. ही तक्रार तिच्या वतीने दुसरं कुणीही करू शकतं, म्हणजे तुम्ही करू शकता. नुसतं रिपोर्टचं बटण दाबून थांबू नका, कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा आणि तक्रारीचा क्रमांक वहीत उतरवा. दाद लागली नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे तीस दिवसांत ऑनलाइन अपील करता येतं.

‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची एक विनामूल्य सोय आहे, २०२१च्या डिसेंबरात सुरू झालेली. तिथे फोटो कुणाकडे जात नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोची आकड्यांची एक खूण तयार होते, बोटाच्या ठशासारखी, आणि तेवढीच पुढे जाते. फेसबुक, इन्स्टाग्राम वगैरे सामील कंपन्या त्या खुणेवरून तोच फोटो ओळखून अडवतात. सगळ्या कंपन्या त्यात नाहीत, आणि फोटो बराच कापला किंवा बदलला तर खूण जुळत नाही. तरीही करा. आमच्या बाबतीत तिसऱ्यांदा इन्स्टाग्रामवर तो फोटो दिसलाच नाही. गूगलवर तिचं नाव टाकून ते फोटो येत असतील तर गूगलचा वेगळा अर्ज आहे. त्याने गूगलच्या शोधात तो फोटो दिसत नाही, पण मूळ जागेवरचा तिथेच राहतो, म्हणून दोन्हीकडे अर्ज लागतो.

आता पोलीस. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे. तिथे नाव न देताही तक्रार घेतात, पण मग पुढे काय झालं ते बघता येत नाही. म्हणून मी नाव देऊनच करा म्हणेन. पण तेवढ्यावर थांबू नका. पोलीस ठाण्यात जा, कुठल्याही. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो पुढे पाठवायचा असतो. लेखी तक्रार दोन प्रतींत न्या, एकीवर पोच घ्या. गुन्हा नोंदवला की एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो हक्क आहे.

आम्ही गेलो तेव्हा टेबलामागच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, ‘‘असे फोटो काढलेच कशाला?’’ बहीण खाली बघत राहिली. तुमच्या बहिणीलाही हे कुणीतरी विचारेल, म्हणून उत्तर तयार ठेवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्येच स्पष्ट लिहिलंय: फोटो काढायला होकार असला आणि पसरवायला नसला, तर पसरवणं हा गुन्हाच. ते पान मी छापून नेलं होतं. ते त्यांच्यासमोर ठेवलं, आणि हेही सांगितलं की अशा तक्रारीत बाईचं म्हणणं महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायचं असतं. अर्ध्या तासात एक महिला उपनिरीक्षक आल्या आणि पुढचं सगळं त्यांनी फार सांभाळून केलं.

आयटी कायद्याची कलमं लावायला सांगा. ६६ई खासगीपणाच्या भंगासाठी, ६७ अश्लील मजकुरासाठी, आणि फोटोत लैंगिक कृती असेल तर ६७ए. या शेवटच्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि जामीन सहज मिळत नाही, म्हणून ते सुटू देऊ नका. आयटी कायद्याचा तपास पोलीस निरीक्षकाच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याकडे असतो, तेव्हा ‘साहेब नाहीत’ असं ऐकू आलं तर ते कधी येतील ते विचारून तिथेच थांबा. तरीही नोंदवलं नाही तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना रजिस्टर पोस्टाने लिहा, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. वकिलाच्या पैशांची चिंता करू नका. बाईला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, मिळकत कितीही असो. त्यांचा फोन १५१००. ‘अशा केसमध्ये काही होत नाही’ हेही ऐकाल. पश्चिम बंगालमधल्या तमलुकच्या न्यायालयाने २०१८ साली अशाच एका जुन्या मित्राला पाच वर्षांची शिक्षा दिली, तीही तक्रारीनंतर काही महिन्यांत.

घरी सांगायचं की नाही, हे तिने ठरवू दे. माझ्या बहिणीला इंटरनेटपेक्षा वडिलांची भीती जास्त होती. तो मुलगाही नेमका त्याच भीतीवर जगत होता, ‘बाबांना पाठवतो’ हेच त्याचं हत्यार. तिसऱ्या आठवड्यात तिने स्वतःच सांगितलं. काका काही बोलले नाहीत, रात्रभर ओसरीत बसून होते. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले आणि विचारलं, ‘‘ठाण्यात कितीला जायचंय?’’ प्रत्येक घरात असंच होईल असं मी म्हणणार नाही. पण घरातलं एक विश्वासाचं माणूस, आत्या असो की मामी, आधी सोबत घ्या. तुम्ही एकटे सगळं पेलू नका.

आणि आज रात्री तिला एकटी झोपू देऊ नका. ‘मला जगायचंच नाही’ असं काही ती बोलली, किंवा बोलायचीच बंद झाली, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात. लिंक शोधायचं काम पुढचे काही महिने दर आठवड्याला तुम्ही करा, तिला करू देऊ नका. नवीन काही सापडलं तर लगेच तिच्यापुढे नेऊ नका. आधी वहीत लिहा, तक्रार टाका, आणि मग तिला विचारा की आत्ता ऐकायचंय का.