मराठी शाळेतल्या मुलांना लेखक-कार्यशाळांमधून परदेशी पुस्तकांची ओळख करून देता येईल का?

तुम्ही लिहिलंय की तुमची शाळा आडगावात आहे, सहावी-सातवीचे वर्ग तुमच्याकडे आहेत आणि मुलांना इतर देशांतली पुस्तकं कळावीत म्हणून लेखकांच्या कार्यशाळा घ्याव्यात असं तुमच्या मनात आहे. परदेशी लेखक आणायचा कुठून, आला तरी मुलांना त्यातून काय मिळणार, आणि ‘आधी आपली मराठी पुस्तकं तरी वाचू देत’ या मुख्याध्यापकांच्या म्हणण्यावर काय सांगायचं, हे तुम्ही विचारलंय. मी सातारा-सांगलीकडच्या मराठी शाळांमध्ये वाचनाचे तास घेते आणि लेखक-अनुवादकांना मुलांपर्यंत नेते. त्या अनुभवावरून सांगते.

कार्यशाळा जरूर घ्या. मात्र लेखक ज्या दिवशी शाळेच्या फाटकातून आत येईल, त्या दिवशी त्याचं पुस्तक मुलांनी वाचून संपवलेलं असलं पाहिजे. एवढं पाळलं तर बाकी बरंचसं आपोआप जमून येतं. न पाळता लेखक बोलावला, तर स्वागतगीत, शाल-श्रीफळ, मनोगत, आभार आणि फोटो यातच दिवस जातो. मुलं दोन तास मांडी घालून बसतात, सांगितलं की टाळ्या वाजवतात, आणि संध्याकाळपर्यंत पाहुण्यांचं नावही विसरतात. यात मुलांचा काहीच दोष नाही. ज्याचं एक पानही वाचलेलं नाही, त्याला ती विचारणार तरी काय?

परदेशी लेखक तुमच्या गावी येणं कठीण आहे, आणि त्यावाचून अडतही नाही. मराठीत आलेल्या परदेशी पुस्तकाला एक मराठी लेखकही असतो, तो म्हणजे अनुवादक. तो एसटीने येऊ शकतो. त्याने ते पुस्तक ओळ न् ओळ, पुन्हा पुन्हा वाचलेलं असतं. त्यातले पदार्थ, झाडं, सणवार, नाती नीट शोधून काढलेली असतात. मुलांच्या ‘म्हणजे काय?’ला त्याच्याइतकं चांगलं उत्तर दुसरं कोणी देत नाही. अनुवादकांना शाळा फारशा बोलावत नाहीत, त्यामुळे कोणी बोलावलं तर ते मनापासून येतात.

पहिलं पुस्तक म्हणून मी डोळे झाकून ‘तोत्तोचान’ सुचवीन. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे जपानी पुस्तक १९८१ साली आलं. मराठीत चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला त्याचा अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आहे आणि तो परवडण्याजोग्या किमतीत मिळतो. पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली तोत्तोचान नावाची एक मुलगी, आणि रेल्वेच्या जुन्या डब्यांत वर्ग भरवणारी तिची नवी शाळा, तोमोए. तुमच्या मुलांना पहिला धक्का इथेच बसेल, की जपानसारख्या देशातही एवढ्याशा पोरीला शाळेतून काढतात! परदेश म्हणजे सगळं चकचकीत, ही समजूत पहिल्या काही पानांतच सैल होते, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

रोज एकच प्रकरण मोठ्याने वाचा. प्रकरणं छोटी आहेत, पंधरा-वीस मिनिटांत एक होतं. कार्यशाळेत करायच्या गोष्टी पुस्तकातच पडलेल्या आहेत. या नव्या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्या दिवशी तोत्तोचानचं बोलणं चार तास ऐकून घेतात. आम्ही मुलांच्या जोड्या करतो. एकाने दहा मिनिटं मनाला येईल ते बोलायचं आणि दुसऱ्याने फक्त ऐकायचं; मध्ये बोलायचं नाही, हसायचं नाही, ‘माझंपण तसंच झालं’ असंही म्हणायचं नाही. मग अदलाबदल. पहिली दोन-तीन मिनिटं मुलं अवघडतात आणि मग सुटतात. शिक्षकांनीही एखाद्या मुलाबरोबर जोडीला बसावं, ही माझी आग्रहाची विनंती आहे. वर्षभर ज्याचा आवाज ऐकला नाही असं मूल सलग बोलताना शिक्षकांनी ऐकलं, की पुस्तकातला प्रसंग त्यांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

दुसरा प्रसंग डब्याचा. तोमोए शाळेत प्रत्येकाच्या डब्यात ‘समुद्रातलं काहीतरी आणि डोंगरावरचं काहीतरी’ असावं लागतं, आणि ज्याच्याकडे नसेल त्याला कोबायाशींच्या बायको आपल्या भांड्यातून वाढतात. आपल्याकडे दुपारी शाळेतच खिचडी मिळते, डबा सगळेच आणत नाहीत. म्हणून मुलांना आदल्या रात्रीच्या जेवणाची यादी करायला सांगा: शेतातलं काय होतं, रानातलं काय, समुद्रातलं काय. समुद्र कधी न पाहिलेल्या गावांतही सुकट आणि बोंबील निघतात. माळकऱ्याच्या घरातली मुलगी बराच वेळ विचार करते आणि एकदम ओरडते, “मीठ!” इथून जपानपर्यंत बोलत जाता येतं, कारण आता बोलणं दोन जेवणांबद्दल चाललेलं असतं आणि त्यातलं एक मुलांच्या ओळखीचं असतं.

शेवटची प्रकरणं मात्र घाईने उरकू नका. १९४५ साली अमेरिकन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात ती शाळा जळून गेली. मुलं विचारतात, “शाळेवर का टाकले बॉम्ब?” अनुवादक पाहुणा असेल तर त्याला या प्रश्नापाशी थांबू द्या. इतिहासाच्या पुस्तकात दुसरं महायुद्ध मुलांनी वाचलेलं असेल किंवा पुढे वाचतील, पण जिथे आपण इतके दिवस मनाने राहिलो तीच शाळा जळते, हे कळणं निराळं असतं.

मुख्याध्यापकांच्या हरकतीचं उत्तरही मला याच पुस्तकातून द्यावंसं वाटतं. शाळेतून काढल्याचं तोत्तोचानच्या आईने मुलीला ती वीस वर्षांची होईपर्यंत सांगितलं नाही. हा भाग झाला की ‘श्यामची आई’मधल्या दोन-तीन रात्री वाचायला घ्या आणि मुलांना विचारा: श्यामची आई तोत्तोचानच्या आईच्या जागी असती तर तिने मुलीला सांगितलं असतं का? वर्ग दोन बाजूंना वाटला जातो. ‘आईने खरं सांगायलाच पाहिजे’ म्हणणारे एकीकडे, ‘मग ती नव्या शाळेत हसत गेलीच नसती’ म्हणणारे दुसरीकडे. जी मुलं ‘श्यामची आई’ धड्यापुरती ओळखत होती, ती पूर्ण पुस्तक मागतात. परदेशी पुस्तक मराठी पुस्तकाची जागा बळकावत नाही, उलट त्याच्याकडे नव्याने बघायला लावतं. आणि साने गुरुजींनी स्वतः काय केलं होतं? व्हिक्टर ह्यूगोची कादंबरी ‘दुःखी’ या नावाने, जॉर्ज इलियटची ‘मनूबाबा’ म्हणून त्यांनीच मराठीत आणली. भा. रा. भागवतांनी फास्टर फेणे लिहिला आणि ज्यूल व्हर्नही मराठी मुलांच्या हाती दिला. आपल्या बालवाचनात परदेश पूर्वीपासून आहे, हे मुख्याध्यापकांना जरूर सांगा.

सोव्हिएत पुस्तकंही आठवतात. मॉस्कोहून छापून आलेली, सुंदर चित्रांची, अगदी स्वस्त मराठी पुस्तकं एका पिढीने वाचली. अनिल हवालदारांसारख्या अनुवादकांनी ती मराठीत आणली. १९९१ नंतर तो ओघ आटला. तुमच्या शाळेच्या जुन्या कपाटात किंवा गावातल्या एखाद्या निवृत्त गुरुजींच्या घरी ती अजून असतील. शोधा, आणि त्या गुरुजींनाही कार्यशाळेला बोलवा. लहानपणी वाचलेल्या रशियन गोष्टी गावातलाच माणूस सांगतो तेव्हा मुलं कान देऊन ऐकतात.

तुमचा भाग दुष्काळी असेल तर दुसरं पुस्तक ‘झाडं लावणारा माणूस’ घ्या. झाँ जिओनो या फ्रेंच लेखकाची ही गोष्ट माधुरी पुरंदऱ्यांनी मराठीत आणली. ओसाड डोंगरात एक धनगर रोज रात्री ओकच्या बिया निवडतो, चांगल्या शंभर बाजूला काढतो आणि दुसऱ्या दिवशी लावतो. तीन वर्षांत त्याने एक लाख बिया लावल्या, वीस हजार उगवल्या, त्यातल्या निम्म्या जातील असा त्याचा हिशोब, म्हणजे दहा हजार झाडं उरणार. माणदेशात मी हे वाचते तेव्हा मुलांना हा हिशोब फळ्यावर मांडायला लावते, आणि मग करंजाच्या बियांचा ढीग समोर ओतून त्यांच्याकडूनच शंभर बिया निवडून घेते. भोकं पडलेल्या, पोचट, चिरलेल्या बाजूला काढताना किती वेळ लागतो ते त्यांना तेव्हा कळतं. धनगराचं पोर वर्गात असेल तर त्याला शांतपणे बोलू द्या. मेंढ्या, चारा आणि झाडं यांच्याबद्दल त्याला जे ठाऊक असतं ते पाहुण्या लेखकालाही ठाऊक नसतं.

या पुस्तकावर एक प्रश्न नक्की येतो: हा माणूस खरा होता का? नव्हता. जिओनोने पुढे स्वतःच सांगितलं की तो कल्पनेतून आलेला आहे. हे मुलांपासून लपवू नका. काही मुलं नाराज होतात, काही म्हणतात मग लेखकाने खोटं का लिहिलं, आणि गोष्ट म्हणजे काय याची चर्चा तिथून सुरू होते. लेखकाला बोलावण्याचं खरं चीज अशा वेळी होतं, कारण त्या प्रश्नाचं उत्तर पाठ्यपुस्तकामागच्या स्वाध्यायात सापडत नाही.

या सगळ्याला एक मोठी परंपराही आहे. येल्ला लेपमान या ज्यू पत्रकार बाईंना नाझींमुळे जर्मनी सोडावा लागला होता. युद्ध संपल्यावर त्या परत आल्या आणि त्यांनी वीस देशांना पत्रं लिहिली, की जर्मन मुलांसाठी तुमच्याकडची मुलांची पुस्तकं पाठवा. बेल्जियमने आधी नकार दिला, कारण जर्मनीने त्यांच्यावर दोनदा आक्रमण केलं होतं. बाईंनी पुन्हा लिहिलं आणि पुस्तकं आली. १९४६ साली म्युनिकमध्ये त्या पुस्तकांचं प्रदर्शन भरलं, १९४९ साली तिथे आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उभं राहिलं. तिथे मुलं पुस्तकांवर चर्चा करत, चित्रं काढत, लेखकांना भेटत. ते ग्रंथालय २०१० पासून एक महोत्सव भरवतं, त्यात देशोदेशींचे लेखक शाळांमधल्या मुलांना भेटतात. ज्या देशाशी काल युद्ध होतं त्याचीच पुस्तकं आपल्या मुलांनी वाचावीत, असं त्या बाईंना वाटलं. हे आठवलं की मला दर वेळी काम करायचं बळ येतं.

चित्रपुस्तकांसाठी पैसे नसतील तर ‘स्टोरीवीव्हर’ बघा. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेलं हे संकेतस्थळ फुकट आहे, गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत, म्हणजे छापायला आणि अनुवाद करायलाही मोकळीक आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या ‘आफ्रिकन स्टोरीबुक’ उपक्रमातल्या गोष्टीही तिथे आहेत. ‘परदेशी’ म्हणताना आपण नकळत इंग्लंड-अमेरिकाच धरतो, म्हणून या गोष्टी मुद्दाम घ्या. त्यातली एक छोटी इंग्रजी गोष्ट निवडा, कठीण शब्दांची यादी द्या, आणि चार-चार मुलांचे गट करून मराठी करायला सांगा. तीन गटांची तीन वेगळी मराठी तयार होते, आणि आपलंच बरोबर म्हणून ते भांडतात. अनुवादकाने ही तिन्ही वाचून दाखवावीत आणि स्वतः काय केलं असतं ते शेवटी सांगावं. वर्गात कन्नड किंवा बंजारा बोलणारी मुलं असतील तर त्यांना त्यांच्या भाषेत करू द्या.

परदेशी लेखकाशी फोनच्या पडद्यावर गप्पा मारता येतात, पण वेळ जुळायला हवी. लंडनची सकाळ आपल्या दुपारच्या तासांना येते, जपानची दुपार आपल्या सकाळी. अमेरिकेचं मात्र शाळेच्या वेळेत अवघड. वीस-पंचवीस मिनिटांहून जास्त ठरवू नका, नेट जाईल हे गृहीत धरा आणि प्रश्न आधीच लिहून पाठवा.

बाकी व्यवस्थेचं थोडक्यात. एका वेळी तीस-पस्तीसपेक्षा जास्त मुलं नकोत. ‘पाहुणे आलेच आहेत तर सगळी शाळा बसू दे’ याला नम्रपणे नकार द्या. चार-पाच मुलांत एक प्रत पुरते, आख्खं पुस्तक झेरॉक्स करू नका. प्रश्न मुलांनीच काढावेत, शिक्षकांनी फक्त शुद्धलेखन बघावं. प्रवासखर्च आणि मानधनाचं आधीच स्पष्ट बोला, शाळा व्यवस्थापन समितीला विचारलं तर काहीतरी निघतं. दिवस निवडताना २ एप्रिलचा आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन मोहात पाडेल, पण तेव्हा परीक्षा डोक्यावर असतात. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला पुस्तक वाचायला सुरुवात करा आणि कार्यशाळा दिवाळीच्या सुट्टीनंतर, स्नेहसंमेलनाची तयारी सुरू व्हायच्या आत घ्या. सुट्टीत पुस्तक घरी न्यायला द्या. एखादी प्रत फाटून परत येईल, ती चिकटवून घ्या.

अनुवादकाशी संपर्क प्रकाशकाला पत्र लिहून होतो. पुण्या-मुंबईतल्या मॅक्सम्युलर भवन आणि आलियान्स फ्राँसेज या जर्मन आणि फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थांमध्येही त्या भाषा जाणणारी मराठी माणसं भेटतात. तुम्ही कोणतं पुस्तक निवडलं आणि मुलांनी कोणते प्रश्न काढले ते इथे खाली लिहा, मी नक्की वाचीन. कोणता प्रश्न पाहुण्यांसाठी ठेवावा आणि कोणता वर्गातच आधी बोलून घ्यावा, ते आपण मिळून ठरवू.