ट्रेलरची कंपनी बंद पडल्यावर दुरुस्ती कशी करावी?

प्रश्न : आम्ही ओहायोत राहतो. काही वर्षांपूर्वी 2004 सालचा एक वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचे चाकांवरचे घर, घेतला. तो बनवणारी कंपनी मंदीच्या काळातच बंद पडली आहे. आता पुढच्या कोपऱ्यात छताला ओल आली आहे आणि तिथली जमीन पायाखाली दबते. फ्रिज थंड होत नाही व त्याच्याजवळ उग्र वास येतो. एका चाकाचा ब्रेकही लागत नाही. “कंपनीच उरली नाही, तर सुटे भाग कुठून आणणार?” असे सांगून दोन दुरुस्ती केंद्रांनी काम नाकारले. हा ट्रेलर दुरुस्त होण्याजोगा आहे का?

उत्तर : काम न घेण्यास त्या केंद्रांची इतर कारणे असू शकतील, परंतु सुटे भाग मिळत नाहीत हे कारण बहुतांशी खरे नाही. अमेरिकेतील बहुतेक ट्रॅव्हल ट्रेलर इंडियाना राज्याच्या उत्तर भागात, एल्कहार्ट परिसरात तयार होतात आणि तिथल्या कंपन्या मुख्यतः जोडणीचे काम करतात. ॲक्सल (चाकांचा आस) डेक्स्टरचा, फर्नेस (आत ऊब देणारी भट्टी) सबर्बनचा किंवा ॲटवूडचा, फ्रिज डोमेटिकचा किंवा नॉरकोल्डचा, शौचालय थेटफर्डचे, अशी बाहेरून आलेली सामग्री लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात बसवली जाते. म्हणून ट्रेलरवर रंगवलेले नाव बाजूला ठेवावे आणि प्रत्येक उपकरणावरची नामपट्टी शोधावी. फ्रिजची पट्टी आतल्या भिंतीवर, वॉटर हीटरची बाहेरच्या झाकणामागे आणि ॲक्सलची त्याच्या नळीवर मधोमध असते. मॉडेल क्रमांक व अनुक्रमांक स्पष्ट दिसतील अशी छायाचित्रे काढून ठेवावीत. एखादे नाव आता बाजारात दिसत नसले तरी त्याचा वारसदार सापडतो. उदाहरणार्थ, ॲटवूडचा व्यवसाय 2014 साली डोमेटिकने विकत घेतला.

मात्र सुटे भाग मागवण्याआधी पाण्याचा प्रश्न सोडवावा. जुना ट्रेलर ठेवायचा की नाही हे फ्रिजवर किंवा ब्रेकवर ठरत नाही, सांगाडा किती कुजला आहे यावर ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे. छतावर पडलेले पाणी सांध्यातून आत शिरते, लाकडाच्या कडेने वाहत जाते आणि डाग भलत्याच ठिकाणी उमटतो. त्यामुळे डागाच्या वरचीच जागा बुजवून भागत नाही. छताच्या कडा, हवेच्या खिडक्यांभोवतीचा भाग, कोपऱ्यांतील धातूच्या पट्ट्या आणि दिव्यांची भोके, सगळे तपासावे. आतून ओलावामापक यंत्र फिरवावे आणि संशयित जागी टोच्याने हलके टोचून पाहावे. टोच्या लोण्यात जावा तसा आत गेला, तर तिथले लाकूड बदलावेच लागेल.

भिंती पन्हळी ॲल्युमिनियमच्या असतील तर आनंदाची गोष्ट आहे, कारण त्यामागे बारीक लाकडी चौकट असते. कोपऱ्याची पट्टी काढून पत्रा मोकळा केला, तर कोणताही चांगला सुतार कुजलेला तुकडा कापून त्या जागी नवा बसवू शकतो. भिंती गुळगुळीत फायबरग्लासच्या असतील आणि त्यांवर फुगवटे दिसत असतील, तर फोम, पातळ प्लायवूड व फायबरग्लास यांचे चिकटवलेले थर सुटले आहेत असे समजावे. हे काम अवघड आणि महाग असते. एकाच कोपऱ्यात कूज असेल तर दुरुस्ती जरूर करावी. पण दोन भिंतींना आणि जमिनीलाही कूज लागली असेल, तर चांगली उपकरणे काढून विकणे आणि ट्रेलर मोडीत देणे हेच शहाणपणाचे आहे.

उघडलेले लाकूड पूर्ण वाळल्याखेरीज बंद करू नये, मग त्याला काही आठवडे लागले तरी चालतील. छत रबरी पडद्याचे असल्यास त्यावर पेट्रोलजन्य सफाईद्रव्ये वापरू नयेत, कारण त्यांनी रबर फुगते. पट्ट्यांच्या खाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) घालावी आणि वरून छतासाठीचे आपोआप सपाट पसरणारे सीलंट भरावे. उभ्या भागांसाठी न ओघळणारा प्रकार घ्यावा. घरगुती सिलिकॉन मात्र कटाक्षाने टाळावे. ते काही वर्षांनी कडेने सुटते आणि मागे उरणाऱ्या थरावर दुसरे काहीही नीट चिकटत नाही. आधीच्या मालकाने ते लावले असेल, तर खरवडून काढण्याचे कंटाळवाणे काम करावेच लागेल.

फ्रिजजवळचा उग्र वास हा बहुधा अमोनियाचा आहे. या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांचे मिश्रण उष्णतेने फिरते आणि त्यातून थंडावा निर्माण होतो. मागच्या नळ्यांवर पिवळसर चूर्ण दिसले तर गळती निश्चित समजावी. फ्रिज गॅसवर आणि विजेवर, दोन्हीकडून बंद करून ट्रेलर हवेशीर ठेवावा. गळकी नळी बुजवण्याचा प्रयत्न करू नये. संपूर्ण फ्रिज बदलण्याऐवजी केवळ मागचे शीतक युनिट बदलता येते आणि ओहायोहून जवळच, इंडियानातील शिपशेवाना परिसरातील अमिश (साधेपणाने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचे) कारागीर अशी युनिट्स बनवून विकतात. तुमचा फ्रिज डोमेटिकचा असेल तर आधी त्याचा क्रमांक तपासावा. तडा गेलेल्या नळीमुळे आग लागण्याच्या शक्यतेवरून त्या कंपनीने 2006 साली फार मोठ्या संख्येने फ्रिज दुरुस्तीसाठी परत बोलावले होते.

ब्रेकचे काम त्यामानाने सोपे आहे. 3500 पौंडी ॲक्सलला सहसा 10 इंची ड्रम असतो आणि त्याचा विद्युत ब्रेक पाठच्या तबकडीसह तयार संच म्हणून मिळतो. डावा व उजवा संच वेगवेगळे असतात, हे मागवताना लक्षात ठेवावे. त्याआधी वायर तपासावी, कारण एकाच चाकाचा ब्रेक बंद पडतो तेव्हा अनेकदा ॲक्सलजवळची वायर तुटलेली असते. इथे एक इशारा दिलाच पाहिजे. ट्रेलरच्या 12 व्होल्टच्या वायरिंगमध्ये काळी वायर बहुधा धन आणि पांढरी ऋण असते, तर घरगुती 120 व्होल्टच्या जोडणीतही काळी हीच जिवंत वायर असते. कंपनीचा मूळ नकाशा हाती नसताना रंगावर विश्वास ठेवू नये. प्रत्येक वायर मल्टिमीटरने तपासावी आणि लगेच चिठ्ठी लावून खूण करावी. गॅसच्या नळ्या व रेग्युलेटर यांचे काम मात्र परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

खरोखर अडचण येते ती कंपनीने स्वतःच्या साच्यात बनवलेल्या प्लास्टिकच्या भागांची. चाकावरच्या कमानीला तडा गेला असेल आणि ती एबीएस प्लास्टिकची असेल, तर त्याच प्लास्टिकचे कपटे ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेल्या लगद्याने आतून तो सांधता येतो. हे काम मोकळ्या हवेत आणि आगीपासून दूर करावे. खिडक्या व दारे यांसाठी मिसूरीतील कार्थेजसारख्या ठिकाणी जुन्या ट्रेलरच्या भंगाराची मोठी आवारे आहेत. चौकटीपेक्षा भिंतीतल्या भोकाचे माप आणि भिंतीची जाडी कळवावी, कारण त्यावरून जुळणी होते. मूळ माहितीपत्रक हवे असल्यास एल्कहार्टमधील ट्रेलर उद्योगाच्या संग्रहालयात ग्रंथालय आहे, तिथे चौकशी करावी.

प्रश्न : न्यू जर्सीत आम्ही नवा ट्रेलर घेतला आणि वर्षभरातच कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तिचे नाव दुसऱ्या कंपनीने विकत घेतले, पण ती कंपनी आमची हमी मानत नाही. हे कायदेशीर आहे का?

उत्तर : दुर्दैवाने बहुतेक वेळा असते. दिवाळखोरीत सहसा नाव, साचे आणि कारखाने विकले जातात. जुन्या ग्राहकांना दिलेली आश्वासने खरेदीदाराने स्पष्टपणे स्वीकारली तरच त्याच्यावर येतात. 1950 साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या फ्लीटवूड एंटरप्रायझेसने मार्च 2009 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिचा व्यवसाय तुकड्यातुकड्यांनी विकला गेला. त्यामुळे ट्रेलरच्या दारावर ओळखीचे नाव आहे एवढ्यावरून त्यामागची जबाबदारी तीच आहे असे धरता येत नाही.

तरीही तुमच्या हाती काही मार्ग आहेत. फ्रिज, फर्नेस, ॲक्सल आणि वातानुकूलन यंत्र यांची हमी त्या त्या उत्पादकाची स्वतंत्र असते, म्हणून खरेदीचे बिल जोडून थेट त्यांच्याकडे दावा करावा. राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर ट्रेलरचा 17 अक्षरी ओळखक्रमांक घालून पाहावा, आणि उपकरणांची नावेही वेगळी शोधावीत, कारण सुटे उपकरण परत बोलावण्याची जबाबदारी त्याच्या निर्मात्याची असते. राज्याच्या कायद्यानुसार विक्रेत्यावरही काही जबाबदारी राहू शकते, तेव्हा विक्रीचा करार वकिलाला दाखवावा. दिवाळखोरी न्यायालयात दावे दाखल करण्याची अंतिम तारीख ठरलेली असते. ती उलटण्याआधी तुमचा दावा तिथे नोंदवावा, मग त्यातून मिळणारी रक्कम थोडीच असली तरी.