आकडा मशीन देतं, मग माणसाचं काम काय?

सांगली जिल्ह्यातून बारावी सायन्सच्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. ती कबड्डी खेळते. सात महिन्यांपूर्वी तिच्या गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणाऱ्या एसीएल लिगामेंटचं ऑपरेशन झालं. परवा मशीनवर बसवून तिच्या मांडीची ताकद मोजली, 72 टक्के भरली, आणि मॅटवर उतरायला मनाई झाली. आता तिला हेच काम शिकायचं आहे. वडिलांचं म्हणणं, ‘आकडा मशीन देतं, त्यात माणसाचं काय काम?’

तुझं पत्र दोनदा वाचलं. रडू येत असतानाही ‘72 टक्के, पण कशाचे?’ हा प्रश्न तुला पडला, याचं मला फार अप्रूप वाटलं.

आधी बाबांचा प्रश्न घेते. तू बसलीस ते आयसोकायनेटिक डायनामोमीटर. कितीही जोर लावला तरी ते पाय ठरलेल्या वेगानेच हलू देतं, बहुधा सेकंदाला 60 अंश, आणि गुडघ्याभोवती किती टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, तयार झाला ते नोंदवतं. पण गुडघा आणि मशीनचा आस एका रेषेत आणणं, पट्टे आवळणं, सरावाचे एक-दोन प्रयत्न करून घेणं, दोन्ही पायांच्या वेळी ‘लाव जोर, अजून, अजून!’ सारख्याच आवाजात म्हणणं, हे सगळं माणूस करतो. यातलं एक चुकलं तरी आकडा हलतो.

आता 72 कशाचे? तुझ्याच दुसऱ्या पायाचे. समजा, चांगल्या पायाने 150 न्यूटन-मीटर टॉर्क दिला आणि ऑपरेशनच्या पायाने 108, तर झाले 72 टक्के. पण इतके महिने खेळ बंद असल्यावर चांगला पायही उतरतो. ऑपरेशनआधी तो 180 देत असेल, तर तेच 108 म्हणजे जेमतेम 60 टक्के. गणित शाळेतलंच आहे, पण भागायचं कशाने, हे मशीन सांगत नाही. ते कळणारा माणूस लागतो.

दुसरी गोष्ट त्याहून नवलाची. गुडघ्याला दुखापत झाली, सूज आली, की मांडीच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे क्वाड्रिसेप्सला, मज्जासंस्थेकडून पूर्ण हुकूमच जात नाही. स्नायू आहे, पण सगळा कामाला लागत नाही. हे तपासायला रुग्णाला पूर्ण जोर लावायला सांगतात आणि त्याच क्षणी स्नायूला विजेचा छोटा झटका देतात. जोर एकदम वाढला, तर तेवढी ताकद आत अडकून होती असं समजायचं. टेपने मांडीचा घेर मोजून यातलं काहीच कळत नाही.

तुला थांबवलं ते बरोबरच केलं. खेळात परतण्याआधी निदान 90 टक्के ताकद हवी, असं सर्वसाधारणपणे धरतात. अमेरिकेतल्या डेलावेअर आणि नॉर्वेतल्या ओस्लो इथल्या खेळाडूंच्या 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत परतणं जसजसं लांबलं, तसतसा पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्याला निम्म्याच्या आसपास कमी झालेला दिसला.

वाट सरळ आहे, सोपी नाही. तुझ्याकडे बायोलॉजी आहे, तेव्हा ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा दे आणि बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी कर. महाराष्ट्रातली बरीच कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत. पुढे स्पोर्ट्स फिजिओथेरपीत मास्टर्स. फिजिक्समध्येच जास्त रमत असशील, तर बायोमेडिकल इंजिनिअरिंग आणि बायोमेकॅनिक्सचाही रस्ता आहे, पण त्यासाठी गणित लागतं. बाबांना एक स्पष्ट सांग: फिजिओचा सुरुवातीचा पगार बेताचाच असतो.

शिवाय तालुक्याच्या गावी तुला ते महागडं मशीन मिळेलच असं नाही. तिथे हातात मावणारं डायनामोमीटर वापरतात. त्यातली मेख अशी, की चढाई करणाऱ्या मुलीच्या मांडीपुढे तपासणाऱ्याचा हात टिकत नाही. हात मागे सरला की आकडा कमी दिसतो. म्हणून उपकरण पट्ट्याने टेबलाच्या पायाला बांधायचं आणि मग जोर लावायला सांगायचं. अशा कामात हात बसायला वेळ लागतो.

पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा तुझ्या फिजिओंना विचार, एक दिवस कोपऱ्यात बसून बघू का? आणि ऑपरेशनआधी तुझ्या चांगल्या पायाचं मोजमाप झालं होतं का, तेही विचारून ये. झालं असेल तर तो आकडा मला कळव.