जखम भरली, मग दुखतं का?

प्रश्न : नागीण होऊन चार महिने झाले. फोड सुकले, डागही पुसट झाले. पण पाठीला पदर घासला तरी आग होते. घरचे म्हणतात, लक्ष देऊ नकोस. (गृहिणी, वय ६४)

घरच्यांना हे उत्तर वाचून दाखवा. नागिणीचा विषाणू नसेतून कातडीपर्यंत येतो आणि येताना नसेला इजा करतो. फोड सुकतात, पण दुखावलेली नस मज्जारज्जूकडे निरोप पाठवतच राहते. त्या सततच्या माऱ्याने तिथल्या पेशी इतक्या हळव्या होतात की साध्या स्पर्शाचा निरोपही त्या वेदना म्हणून पुढे मेंदूकडे धाडतात. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, तसंच हे. इजेनंतर फक्त इजेची जागाच नव्हे, तर मज्जारज्जूही हळवा होतो, हे वेदनेचे संशोधक क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ साली उंदरांवरच्या प्रयोगातून दाखवलं. तुमचा पदर खरोखरच टोचतो, तो मनाचा खेळ नाही.

पॅरासिटामॉलचा इथे फारसा उपयोग होत नाही. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिन अशा गोळ्या देतात. यातली शेवटची मूळची नैराश्यावरची. केमिस्टने तसं सांगितलं तर बिचकू नका, वेदनेसाठी डोस बराच कमी असतो. मात्र तुमच्या वयात या गोळ्यांनी झापड येऊन तोल जाऊ शकतो. म्हणून सुरुवात अगदी थोड्या मात्रेने, तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने.

प्रश्न : दोन वर्षं कंबर दुखते. एमआरआयमध्ये ‘गादी झिजली’ असं आलंय. वाकायचीही भीती वाटते. (बँक कर्मचारी, वय ४६)

लघवी-शौचावरचा ताबा जाणं, पायातली ताकद कमी होणं, ताप किंवा वजन घटणं, यांपैकी काही असेल तर हे वाचणं थांबवून आधी डॉक्टरांना गाठा.

नसेल, तर तो रिपोर्ट घडी करून ठेवा. ज्यांची कंबर कधीच दुखत नाही अशांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये एक आढावा निघाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत मणक्यांमधल्या गादीची झीज आढळली. किती दुखतं यावरून किती बिघडलंय हे ठरत नाही, विशेषतः दुखणं इतकं जुनं असेल तर. पहिल्या उत्तरात सांगितलेला मज्जारज्जूचा हळवेपणा इथेही असू शकतो, आणि अपुरी झोप व भीती तो वाढवतात.

माझ्याकडचे बरेच रुग्ण बरं वाटलं त्या दिवशी अख्खं घर आवरतात आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढतात. त्यापेक्षा घड्याळ लावून चाला. रोज १० मिनिटं, दुखलं तरी तेवढीच, नाही दुखलं तरी तेवढीच. आठवड्याने दोन मिनिटं वाढवा. वाकणंही असंच, थोडं थोडं.

प्रश्न : डोकं जवळजवळ रोज दुखतं, म्हणून रोज गोळी घेते. चालेल ना?

नाही. तीन महिन्यांहून जास्त काळ, महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामक गोळी घेतली (एकाहून जास्त औषधं असलेल्या मिश्र गोळ्यांना तर १० दिवसही पुरतात), तर गोळीच डोकेदुखी टिकवून धरू शकते. बंद करताना सुरुवातीचे काही दिवस जास्त दुखेल, म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करा. गोळ्या घेतल्याच्या तारखा कॅलेंडरवर लिहून सोबत न्या.