रेशनला अंगठा चालतो, मग हजेरीला चेहरा का खुपतो?

प्रश्न : ताई, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर आहे. दिवाळीनंतर हजेरीला चेहरा दाखवायचं यंत्र आलं. कुणाला उशीर झाला की सुपरवायझर यंत्रातला फोटो वेळेसकट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. आम्ही बायका डबा खातो तिथंही कॅमेरा लावलाय. मी कुरकुर केली तर मालक म्हणतात, "रेशनला अंगठा देता, गड्ड्याच्या जत्रेतले फोटो फेसबुकवर टाकता, मग इथंच कसली अडचण?" माझंच चुकतंय का?
— एक भगिनी, सोलापूर

उत्तर : अजिबात नाही. जत्रेतला फोटो तुम्ही निवडून, तुमच्या हौसेनं टाकला. उशिराचा फोटो दुसऱ्यानं टाकला, तोही ज्यांच्याशेजारी रोज मशीनवर बसायचं त्यांच्यासमोर. हेलन निसेनबॉम या अमेरिकी अभ्यासक २००४ पासून हेच मांडत आल्या आहेत : माहिती ज्या कामासाठी दिली, तिथली रीत मोडून ती दुसरीकडे गेली की माणसाला खुपतं. डॉक्टरांना सांगितलेलं दुखणं मुकादमाच्या कानावर गेलं, तर तुम्हाला चालेल का?

रेशनच्या अंगठ्यालाही मी सरसकट बरं म्हणणार नाही. विड्या वळून बोटांच्या रेषा झिजल्या की यंत्र ओळखत नाही, आणि दुकानातून रिकाम्या पिशवीनं परतायची वेळ येते. पण तो अंगठा धान्यासाठी आहे, एवढं तरी स्पष्ट असतं.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं. २०२३ चा डिजिटल माहिती संरक्षण कायदा मात्र नोकरीच्या कामापुरती माहिती संमतीशिवाय वापरायची मुभा मालकाला देतो. त्यामुळे यंत्रच काढा म्हणून भांडण्यात मला अर्थ दिसत नाही. पण हजेरी घेणं वेगळं आणि बाईचा चेहरा चारचौघांत मिरवणं वेगळं. हे थांबलंच पाहिजे.

चार-पाच जणी मिळून मालकांना अर्ज द्या, एकटीनं जाऊ नका. अर्जात एवढं मागा : उशिराची नोंद ज्याची त्याला कळवा, ग्रुपवर नको. डब्याच्या जागेचा कॅमेरा दाराकडे वळवा. चेहऱ्याचे फोटो कुठं साठतात, कोण बघतं, नोकरी सोडल्यावर पुसले जातात का, हे मराठीत आणि तेलुगूत लिहून लावा. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही, म्हणून हा शेवटचा मुद्दा सोडू नका. अर्जाच्या प्रतीवर पोहोच म्हणून सही-तारीख घ्या.