आधी पगार, मग मॅरेथॉन

पोरी,

कॉलेज सोडून शर्यतींच्या बक्षिसांवर जगायचं आणि मॅरेथॉन पळायची म्हणतेस, म्हणून तुझी वही पाहिली. चौदा रविवार, चौदा शर्यती, बक्षिसांची बेरीज नीट मांडलीस. खर्चाचा रकाना मात्र कोरा. आठवड्याला 120 किलोमीटर धावतेस, बुटाचा जोड 700 किलोमीटरला बसतो, म्हणजे वर्षाला आठ-नऊ जोड. वर प्रवास, दूध-अंडी, रक्ततपासणी. हे लिही आणि मग बेरीज कर.

आधी पगार, मग मॅरेथॉन. दर रविवारी जीव तोडून दहा किलोमीटर पळायचं म्हणजे आधीचे दोन दिवस पाय राखण्यात जातात, नंतरचे तीन पाय मोकळे करण्यात. टेम्पो, म्हणजे एका लयीत जोराची धाव, कधी करणार, लांब पल्ल्याची सावकाश धाव कधी? तुझी वेळ वर्षभर हलली नाही ती यामुळे. मेहनतीत तू कमी नाहीस.

मुंबई मॅरेथॉनला भारतीय महिलांत पहिलीला पाच लाख मिळतात, खरं आहे. पण ती वर्षातून एकदा, जानेवारीत. डोप टेस्टचा निकाल येईपर्यंत रक्कम हाती पडत नाही. नडगीचं हाड दुखावलं की ते वर्ष गेलंच, घरभाडं मात्र चालूच राहतं.

नोकरीचं दार ट्रॅकवर उघडतं. रेल्वेच्या क्रीडा कोट्यात वय 18 ते 25, सवलत नाही. तिथे राष्ट्रीय आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धांची प्रमाणपत्रं बघतात, गावोगावच्या रोड रेसचे चषक नाही. मॅरेथॉनची खरी उमर पंचविशीनंतरची. म्हणून आत्ता 5,000 आणि 10,000 मीटर. कॉलेज सोडायचा विचार तर डोक्यातून काढच, आंतरविद्यापीठ त्याच्याशिवाय कुठून खेळणार? राज्याच्या नोकऱ्यांतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणासाठी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून प्रमाणपत्रांची पडताळणी आधीच करून घे. जाहिरात निघाल्यावर पळालीस तर मुदत हुकते.

नोकरी लागली की खेळाडू सुस्तावतात, असं मला नेहमी ऐकवतात. सुस्तावतात काही. तरी मी आधी पगारच म्हणणार. बक्षिसासाठी अर्धपोटी पळून हाड मोडून घेतलेल्या मुली मला बघवत नाहीत. तुझी पाळी तीन महिने चुकली असेल तर या आठवड्यातच डॉक्टर गाठ, लाजू नकोस. आणि थकवा आला म्हणून कुणाच्या सांगण्यावरून सलाइन लावून घेऊ नकोस. हॉस्पिटलमधला उपचार किंवा डोपिंगवाल्यांची परवानगी नसेल तर बारा तासांत 100 मिलीच्या वर गेलं की तो डोपिंगचा गुन्हा, मग आत काहीही असो.

या रविवारची शर्यत रद्द कर. पहाटे साडेपाचला ये, 24 किलोमीटर, बोलता येईल अशा वेगाने. पाणी घेऊन मी सायकलवर बरोबर असेन.

तुझे सर